नगरपंचायतीचं सभागृह बनतं कसं? वार्ड, सोडत, समित्या आणि मुख्याधिकाऱ्याची सही

तुरीच्या_शेंगा

राजेहो, जरा सविस्तर विचारायचं आहे. गाव तालुक्याचं ठिकाण, जिल्हा यवतमाळ. ग्रामपंचायतीची नगरपंचायत होऊन दहा वर्षं उलटली, तरी पारावरची मंडळी अजून "सरपंच काय म्हणते?" असंच पुसतात. ग्रामपंचायतीचा कारभार डोळ्यांसमोर होता. ग्रामसभेत उभं राहून ग्रामसेवकाला जाब विचारता येत होता. आता ठराव कुठे होतो, कोण अडवतं, कोण मंजूर करतं, काहीच उमगत नाही.

सध्याचं सभागृह २०२२ च्या सुरुवातीला बसलेलं आहे, म्हणजे पुढची निवडणूक जवळ आली. गावातल्या पोरांना आधी समजून घ्यायचं आहे. १७ वार्ड कोण पाडतं आणि कशाच्या आधारावर? नाल्यापलीकडची एकच वस्ती दोन वार्डांत काहून तोडतात? आरक्षणाची चिठ्ठी खरंच चिठ्ठी असते की आधीच ठरलेली? निवडून आल्यावर समित्या, उपाध्यक्ष, स्वीकृत सदस्य हे कसं ठरतं? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, नगराध्यक्ष मोठा की मुख्याधिकारी?

भाषणं नकोत भाऊ, कायद्याचं आणि कागदाचं सांगा.

नकाशा_नमुना

वार्डापासूनच सुरू करतो, कारण निम्मी निवडणूक तिथेच होऊन जाते आणि गावाला पत्ता नसतो.

मूळ कायदा एकच: महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. त्याआधी विदर्भातल्या नगरपालिका सी. पी. अँड बेरारच्या १९२२ च्या कायद्यावर चालायच्या. जुन्या दप्तरात तो उल्लेख सापडला तर गोंधळू नका. 'नगरपंचायत' हा प्रकार ७४ व्या घटनादुरुस्तीनंतरचा, १९९३ पासूनचा. गावपण सोडून शहरपणाकडे निघालेल्या क्षेत्रासाठी तो केलेला आहे. लोकसंख्या १० ते २५ हजार आणि शेतीबाहेरच्या रोजगाराचं प्रमाण किमान २५ टक्के, असा साधारण निकष. २५ हजारांच्या वर नगरपरिषद येते. ४० हजारांपर्यंत 'क' वर्ग, १ लाखापर्यंत 'ब', त्यावर 'अ'. तुमच्यासारखी तालुक्याची ठिकाणं मात्र २०१४ च्या धोरणाने आली. तालुका मुख्यालयाची ग्रामपंचायत असेल तर तिची नगरपंचायत करायची, असं शासनाने ठरवलं. मारेगाव, झरी जामणी, राळेगाव, बाभूळगाव, कळंब, महागाव ही तुमच्याच जिल्ह्यातली नावं.

आता वार्ड. कायद्याच्या भाषेत प्रभाग. नगरपंचायतीत थेट निवडून येणारे सदस्य १७, प्रभागही १७, एका प्रभागाला एक सदस्य. नगरपरिषदेत प्रभागात साधारण दोन जागा असतात आणि एकूण संख्या विषम निघाली तर एखाद्या प्रभागात तीन. शेजारच्या नगरपरिषदेतला पाहुणा "आमच्याकडे तीन मतं द्यावी लागली" म्हणतो, ते याचमुळे: दोन जागांची दोन आणि अध्यक्षाचं एक.

हिशोब असा. शेवटच्या जनगणनेची, म्हणजे अजूनही २०११ ची, लोकसंख्या घ्या. समजा १३,६०० आहे. भागिले १७ म्हणजे प्रभागाची सरासरी ८००. त्यात १० टक्के वरखाली चालतं, म्हणजे ७२० ते ८८०. गेल्या पंधरा वर्षांत नवीन ले-आउटमध्ये किती घरं झाली हे या हिशोबात कुठेच येत नाही. म्हणूनच कागदावर सारखे असलेले दोन प्रभाग मतदानाच्या दिवशी एक ५०० मतदारांचा आणि एक ११०० चा निघू शकतो. अन्याय वाटतो, पण बेकायदा नाही.

प्रभाग पाडायला उत्तरेकडून सुरुवात करतात. उत्तर, ईशान्य, मग पूर्व, तिथून पश्चिमेकडे सरकत, असं वळत वळत शेवटचा प्रभाग दक्षिणेला. क्रमांकही त्याच ओळीने. मोठा रस्ता, नाला, रेल्वेलाईन या हद्दी शक्यतो ओलांडायच्या नाहीत आणि जनगणनेचा प्रगणक गट फोडायचा नाही.

तुमच्या नाल्याचं उत्तर इथेच आहे. प्रगणक गट म्हणजे २०११ मध्ये एका प्रगणकाने फिरून मोजलेला घरांचा तुकडा. त्या वेळी जर एकाच गटात नाल्याच्या दोन्ही बाजूंची घरं धरली असतील, तर नाला पाळावा की गट, असा पेच पडतो. वस्ती मोठी असेल तर ८८० च्या मर्यादेपुढे जाते आणि कुठून तरी कापावीच लागते. ती कुठून कापली, यातच खरी मेख असते.

प्रारूप रचना मुख्याधिकाऱ्याच्या कार्यालयात तयार होते, जिल्हाधिकाऱ्यामार्फत वर जाते, मग नकाशासह प्रसिद्ध होते आणि हरकती मागवतात. मुदत थोडी असते. हरकतीत लोक काय लिहितात? "आमच्या वस्तीवर अन्याय झाला, राजकीय हेतूने वस्ती फोडली." सुनावणीत अशी हरकत दोन मिनिटांत निकाली निघते. चालणारी हरकत वेगळी असते. प्रारूपासोबत कोणता प्रगणक गट कोणत्या प्रभागात, त्याची एकूण, अनुसूचित जातीची आणि जमातीची लोकसंख्या किती, हा तक्ता असतो. तो मिळवा. मग लिहा: "गट क्रमांक अमुक, लोकसंख्या इतकी, प्रभाग ६ मधून काढून ७ ला जोडल्यास ६ ची लोकसंख्या इतकी आणि ७ ची इतकी होते, दोन्ही मर्यादेत बसतात आणि नाल्याची हद्द पाळली जाते." सोबत नकाशावर पेनाने रेघ मारून जोडा. पर्याय मांडलेली हरकत फेटाळायची तर अधिकाऱ्याला कारण लिहावं लागतं.

एक लक्षात असू द्या. जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवलेल्या आहेत. त्यामुळे "शेजारचं खेडं आमच्यात जोडा" किंवा "आम्हाला वगळा" या मागण्या घेऊन आत्ता पळापळ करण्यात अर्थ नाही.

सोडत_चिठ्ठी

वार्डाचं वर आलंच. चिठ्ठीचं मी सांगतो.

सगळं काही चिठ्ठीने ठरत नाही भाऊ, गैरसमजाचं मूळ तेच आहे. किती जागा राखीव हे लोकसंख्येवरून निघतं. त्या कोणत्या प्रभागात, हेही अनुसूचित जाती आणि जमातीच्या बाबतीत बरंचसं लोकसंख्येवरूनच निघतं. चिठ्ठी उरलेल्यासाठी.

वरचाच १३,६०० चा आकडा घ्या. अनुसूचित जातीची लोकसंख्या १,६०० असेल तर १,६०० भागिले ८००, म्हणजे २ जागा. जमातीची २,९०० असेल तर ३.६२ येतात, म्हणजे ४. प्रभागांची यादी त्या त्या समाजाच्या टक्केवारीने उतरत्या क्रमाने लावतात आणि वरून जागा देत येतात. मागच्या निवडणुकांत कुठे आरक्षण होतं हे पाहून पाळीही फिरवतात. तो नियम राज्य निवडणूक आयोगाच्या त्या वेळच्या आदेशात असतो, तो आदेश आधी वाचा.

मग इतर मागासवर्ग. १७ चे २७ टक्के म्हणजे ४.५९. पण एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवायचं तर १७ मध्ये ८ च जागा बसतात. जाती-जमातीच्या ६ गेल्या, उरल्या २. आपल्याकडे जमातीची संख्या जास्त असलेल्या तालुक्यांत हा पेच कायमचा आहे. २०२१ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ओबीसीच्या या जागा ऐनवेळी सर्वसाधारण कराव्या लागल्या. म्हणून बाकीच्या जागांचं मतदान २१ डिसेंबर २०२१ ला आणि या जागांचं १८ जानेवारी २०२२ ला झालं. निकाल सगळ्यांचा १९ जानेवारीला. तुमच्या गावातही हेच घडलं असणार. २०२५ च्या निवडणुकीत ४० नगरपरिषदा आणि १७ नगरपंचायतींत आरक्षण ५० टक्क्यांवर गेल्याचा प्रश्न पुन्हा न्यायालयात पोहोचला. म्हणून कोणी आत्ताच छातीठोकपणे "अमुक वार्ड ओबीसीच निघणार" म्हणत असेल तर त्याच्या चहाचे पैसे देऊ नका.

महिलांना निम्म्या जागा, १७ मध्ये ९. त्या प्रत्येक प्रवर्गातून काढायच्या. वरच्या उदाहरणात जातीच्या २ पैकी १, जमातीच्या ४ पैकी २, ओबीसीच्या २ पैकी १ आणि सर्वसाधारण ९ पैकी ५. खरी चिठ्ठी इथे आणि ओबीसीच्या प्रभागांसाठी लागते. डबा पारदर्शक, चिठ्ठ्या सारख्या, काढायला शाळेचं पोर. सोडतीला कोणीही बसू शकतं. जाऊन बसाच, आणि जाताना टक्केवारीचा उतरता तक्ता स्वतः करून न्या. चूक झालीच तर ती बहुतेक वेळा डब्यात होत नाही, तक्त्यात होते.

नगराध्यक्षपदाचं आरक्षण गावात निघत नाही, मुंबईत नगरविकास विभागात राज्यभराचं एकत्र निघतं. ६ ऑक्टोबर २०२५ ला २४७ नगरपरिषदा आणि १४७ नगरपंचायतींची सोडत एकदमच झाली.

तुरीच्या_शेंगा

लई उपयोगाचं. अध्यक्ष थेट जनतेतून की सदस्यांतून, यावर गावात रोज भांडण होते. तेवढं कोणी सांगा. आणि मतदार यादीत दरवेळी अर्धी गल्ली भलत्याच वार्डात जाते, त्याचं काय करायचं?

सोडत_चिठ्ठी

भांडणाऱ्या दोघांचंही बरोबर आहे, साल वेगळं आहे. २०१६ मध्ये थेट निवडणूक आली, २०२० मध्ये ती रद्द होऊन सदस्यांतून निवड सुरू झाली, २०२२ मध्ये पुन्हा थेट. तुमचं सभागृह २०२२ च्या जानेवारीतलं, तेव्हा निवड सदस्यांतून होती. पदावधी अडीच वर्षांचा होता, तो २०२४ मध्ये पाच वर्षांचा केला. पुढच्या वेळी हाच कायदा राहिला तर मतदाराला दोन मतं: एक प्रभागाच्या सदस्याला, एक अध्यक्षाला.

मतदार यादी राज्य निवडणूक आयोग स्वतः बनवत नाही. विधानसभेची यादी ठरलेल्या एका तारखेला जशी असेल तशी घेतात आणि प्रभागनिहाय फोडतात. २०२५ ला ती तारीख १ जुलै होती. त्या तारखेनंतर नाव नोंदवलं तर या निवडणुकीत ते येत नाही. हरकतीच्या मुदतीत फक्त फोडाफोडीतली चूक दुरुस्त होते, म्हणजे नाव चुकीच्या प्रभागात गेलं, किंवा विधानसभेच्या यादीत आहे पण इथे गळलं. नवीन नाव किंवा मयताचं नाव काढणं हे काम विधानसभेच्या यादीत, तहसीलमध्ये, वर्षभर आधी करायचं. गल्ली भलतीकडे जाते ती बहुतेक ले-आउटमधली, कारण यादीत घर क्रमांक नसतो किंवा 'मु. पो. अमुक' एवढाच पत्ता असतो. कर्मचारी मग आडनावं पाहून अंदाजाने टाकतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच आहे: प्रारूप यादी हाती घेऊन घरोघर फिरा आणि चुकलेल्या प्रत्येक नावाचा अनुक्रमांक, चुकीचा प्रभाग, बरोबर प्रभाग लिहून द्या.

कागद_ताई

उमेदवारीच्या कागदांचं कोणी बोललं नाही. वार्ड जिंकून सदस्यत्व जातं ते इथे, म्हणून थोडं लांब लिहिते.

वय किमान २१, नाव त्याच नगरपंचायतीच्या मतदार यादीत. स्वतःच्याच प्रभागात उभं राहिलं पाहिजे असं नाही, पण सूचक मात्र ज्या प्रभागातून लढता तिथलाच मतदार हवा. ही चूक छाननीत हमखास सापडते, कारण सूचक म्हणून सही करणारा मित्र रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्या प्रभागात राहत असतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे एकूण अपत्ये दोनाहून जास्त होत असतील तर अपात्र. घरात शौचालय असल्याचं आणि ते वापरत असल्याचं दाखवावं लागतं. करांची थकबाकी नको. घर वडिलांच्या नावे असेल तरी घरपट्टी आणि पाणीपट्टी आधीच भरून पावती फाईलला लावा. नगरपंचायतीच्या कामाचं कंत्राट स्वतःच्या नावावर किंवा भागीदारीत असेल तर फॉर्म भरण्याआधी वकिलाला दाखवा.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे अजूनही लोकांना पटत नाही. दाखला उपविभागीय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून मिळतो. वैधता पडताळणी समिती देते आणि अनुसूचित जमातीसाठी समिती वेगळी असते. वैधता हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि हमीपत्र जोडून लढता येतं, पण निवडून आल्यावर मुदतीत प्रमाणपत्र द्यावं लागतं. २०२५ च्या निवडणुकीला ही मुदत ६ महिन्यांची होती. दिलं नाही तर निवड मागील तारखेपासून रद्द धरतात. मग पोटनिवडणूक लागते आणि १७ च्या सभागृहात एक जागा गेली की बहुमतही हलतं. समितीला आजोबा-पणजोबाच्या काळातले पुरावे लागतात: कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, शाळेचा दाखलखारीज उतारा, जुना जमिनीचा अधिकार अभिलेख. हे निवडणूक जाहीर झाल्यावर गोळा होत नाही. सोडत होण्याआधीच ज्याला लढायचं त्याने अर्ज टाकून ठेवावा.

पक्षाकडून लढणार असाल तर एबी फॉर्म, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाचं पत्र, उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचला पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणाहून गाडी निघाली आहे, हे उत्तर चालत नाही.

निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं उघडा. २०२५ ला नगरपंचायतीच्या सदस्याला खर्चमर्यादा २ लाख २५ हजार आणि थेट अध्यक्षाला ६ लाख होती. 'क' वर्ग नगरपरिषदेत अडीच लाख आणि साडेसात लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब सादर करायचा. हरलेल्यांनीसुद्धा. हरलेलेच विसरतात आणि पुढच्या वेळी अपात्र ठरतात.

ठराव_बुक

आता सभागृह. निकाल लागला म्हणजे सभागृह झालं असं नाही. निवडून आलेल्यांची नावं राजपत्रात प्रसिद्ध होतात, त्यानंतर २५ दिवसांत जिल्हाधिकारी पहिली विशेष सभा बोलावतात. पाच वर्षांची मुदत मोजतात ती या पहिल्या सभेच्या तारखेपासून, मतदानाच्या किंवा निकालाच्या तारखेपासून नाही. तुमची पहिली सभा २०२२ च्या फेब्रुवारीत झाली असेल तर मुदत २०२७ च्या फेब्रुवारीत संपते. तोवर निवडणूक झाली नाही तर सभागृह आपोआप वाढत नाही, प्रशासक बसतो.

निकालानंतरच्या या काही आठवड्यांत एक काम चुपचाप होतं आणि पाच वर्षांचं राजकारण त्यावर उभं राहतं, ते म्हणजे गटनोंदणी. पक्षाचे सदस्य जिल्हाधिकाऱ्याकडे आपला गट आणि गटनेता नोंदवतात. अपक्ष किंवा छोटे पक्ष एकत्र येऊन आघाडी नोंदवू शकतात, पण निकाल अधिसूचित झाल्यापासून एका महिन्याच्या आत. समित्यांतल्या जागा या नोंदवलेल्या संख्याबळावर वाटतात. चार अपक्षांनी आळस करून नोंदणी केली नाही तर समितीत त्यांना विचारणारं कोणी नसतं. आणि एकदा गटात नाव गेलं की गटनेत्याचा पक्षादेश लागू. तो मोडून मतदान केलं तर १९८६ च्या सदस्य अनर्हता कायद्याखाली अर्ज जिल्हाधिकाऱ्यापुढे चालतो. "मी तर नुसती सही केली होती" हा बचाव टिकत नाही. सही कशावर करतो ते वाचा.

उपाध्यक्ष सदस्यांतून निवडतात. स्वीकृत सदस्य, म्हणजे निवडणूक न लढता सभागृहात घेतलेले, निवडून आलेल्यांच्या संख्येच्या प्रमाणात, १७ च्या नगरपंचायतीत साधारण दोन. प्रशासनाचा, शिक्षणाचा, आरोग्याचा किंवा तसा अनुभव असलेली माणसं घ्यावी असा हेतू. प्रत्यक्षात पडलेला उमेदवार किंवा अध्यक्षाचा खंदा कार्यकर्ता येतो. तो चर्चेत बोलू शकतो, मत देऊ शकत नाही.

समित्या: स्थायी समिती, तिचा सभापती नगराध्यक्षच. त्याशिवाय विषय समित्या: सार्वजनिक बांधकाम, पाणीपुरवठा व जलनिस्सारण, स्वच्छता व आरोग्य, शिक्षण, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण. उपाध्यक्ष यातल्या एका समितीचा पदसिद्ध सभापती. सदस्य थोडे असलेल्या ठिकाणी समित्याही थोड्या ठेवतात, दोन विषय एका समितीत जोडतात. खरं सांगायचं तर लहान नगरपंचायतीत समितीची सभा कागदावर जास्त आणि खुर्चीवर कमी होते. तरी समिती सोडू नका. पाण्याच्या टाकीचा, कचरागाडीचा प्रस्ताव समितीतून टिपणीसह आला की सर्वसाधारण सभेत तो "पुढील सभेत घेऊ" म्हणून ढकलणं अवघड जातं.

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून किमान एकदा. सूचना ७ पूर्ण दिवस आधी, विशेष सभेची ३ दिवस आधी. 'पूर्ण दिवस' म्हणजे सूचना मिळाल्याचा आणि सभेचा दिवस सोडून. एक चतुर्थांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा घ्यावी लागते. १७ मध्ये चारावर थोडं येतं, म्हणून पाच सह्या जमवा. विषयपत्रिकेवर नसलेला विषय 'ऐनवेळचा' म्हणून घुसवला जातो. पैशाचा विषय ऐनवेळी आला तर विरोध कार्यवृत्तात (सभेच्या लेखी नोंदीत) नावानिशी नोंदवून घ्या. नुसतं ओरडून बाहेर पडलात तर नोंद राहते ती "सर्वानुमते मंजूर".

मतं समान पडली तर अध्यक्षाचं निर्णायक मत.

आता तुमचा मोठा प्रश्न. सरपंच आणि नगराध्यक्ष यांची तुलना करू नका. मुख्याधिकारी राज्य सेवेतला अधिकारी आहे, त्याची नेमणूक, बदली, शिस्त सगळं शासनाकडे. नगराध्यक्ष सभा बोलावतो, चालवतो, कारभारावर देखरेख करतो. मुख्याधिकारी ठराव अंमलात आणतो. अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश, देयक हे सगळं त्याच्या सहीवर चालतं. ठरावाशिवाय त्याला धोरण ठरवता येत नाही, आणि त्याच्या सहीशिवाय ठरावाला हातपाय नाहीत. पूर आला, पाइपलाइन फुटली तर अध्यक्ष १९६५ च्या कायद्यातल्या कलम ५८(२) खाली तातडीने काम करायला सांगू शकतो, मग ते सभेपुढे कळवावं लागतं. हे कलम आणीबाणीसाठी आहे. उन्हाळ्यात दरवर्षी येणारी टंचाई ही आणीबाणी नव्हे, तरी दरवर्षी ५८(२) लावलं की लेखापरीक्षणात आक्षेप येतोच.

आणि वर जिल्हाधिकारी. ठराव बेकायदा आहे, जनहिताविरुद्ध आहे किंवा शांतता बिघडवणारा आहे असं वाटलं तर कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी ते थांबवू शकतात. गावात म्हणतात "ठराव ३०८ झाला". विरोधकाने ठरावाविरुद्ध मोर्चा काढण्याआधी ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. मागताना ठराव क्रमांक, सभेची तारीख, कोणत्या नियमाचा भंग आणि कार्यवृत्ताची प्रत, एवढं जोडावं.

इंद्रावती_काठ

वरचं सगळं बरोबर. एका गोष्टीची भर घालतो, ती गडचिरोलीकडच्या वाचकांसाठी.

एटापल्ली, भामरागड, धानोरा ही तालुक्याची ठिकाणं अनुसूचित क्षेत्रात (घटनेनुसार घोषित आदिवासी भागात) आहेत आणि नगरपंचायती आहेत. घटनेच्या अनुच्छेद २४३-झेडसी प्रमाणे नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही, त्यासाठी संसदेने वेगळा कायदा करायला हवा. पंचायतींसाठी असा कायदा १९९६ मध्ये झाला, तोच पेसा. नगरपालिकांसाठीचं विधेयक २००१ मध्ये मांडलं गेलं, पण कायदा झाला नाही. म्हणजे ग्रामपंचायत गेली तेव्हा पेसाखालची ग्रामसभा तिथे उरली नाही, आणि तिच्या जागी तसलं काही आलंही नाही. १७ सदस्यांचं सभागृह ग्रामसभेची जागा घेऊ शकत नाही. हा वाद कायद्याचा आहे, तो प्रभाग रचनेच्या हरकतीत मांडू नका, तिथे तो ऐकलाच जाणार नाही.

दुसरं, हे सगळ्याच नगरपंचायतींना लागू: इथल्या मतदाराला जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचं मत नसतं. दरवेळी कोणीतरी नाव शोधत मतदान केंद्रावर येतो आणि भांडून जातो. जिल्हा परिषदेची शाळा गावात असली तरी तिच्या शिक्षकाबद्दल नगरसेवकाला फार काही करता येत नाही. घरकुल ग्रामीण योजनेतून नाही, शहरी योजनेतून. बांधकाम परवानगीलाही आता शहरी नियमावली लागते. ग्रामपंचायतीचा जुना नमुना ८ चा (घराच्या नोंदीचा) उतारा दाखवून भागत नाही, कर आकारणी नोंदवहीत नाव चढलं आहे का ते पाहून घ्या. चतुर्थ वार्षिक (दर चार वर्षांनी होणाऱ्या) आकारणीची नोटीस आली की हरकत मुदतीतच करा, कारण वाढलेली घरपट्टी नंतर सभागृहाने ठराव करूनही सहज खाली येत नाही.

आणि मुख्याधिकाऱ्याकडे दोन-दोन नगरपंचायतींचा कारभार असतो तिथे तो कोणत्या वारी तुमच्या कार्यालयात बसतो, हे आधी विचारून घ्या. ठराव_बुक यांनी सांगितलेली सगळी कलमं त्या वारावर चालतात.

तुरीच्या_शेंगा

ताई, भाऊ, सगळ्यांचे आभार. एकच शंका राहिली. ग्रामसभा नाही, तर साध्या माणसाने सभेत काय झालं हे पाहायचं कुठून?

ठराव_बुक

कार्यवृत्त मागा. साध्या कागदावर अर्ज, सभेची तारीख लिहा, "विषयपत्रिका, कार्यवृत्त आणि सदस्यांची हजेरी" अशा तीन गोष्टी नावानिशी मागा. नाही दिलं तर माहिती अधिकारात तेच मागा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराची मुदत ३० दिवस. "सर्व ठरावांच्या प्रती द्या" असं मोघम लिहू नका, "माहिती विस्तृत आहे, कार्यालयात येऊन पाहा" असं उत्तर येतं. एका वेळी एक सभा. हजेरीपत्रक विसरू नका, सूचक-अनुमोदक म्हणून ज्यांची नावं ठरावाखाली छापली आहेत ते त्या दिवशी सभेला होते का, हे त्यातूनच कळतं.